शुगरचे बूट खोक्यात आणि पाय फरशीवर: या चुका टाळा

मधुमेहाने पाय बधिर झालेल्या लोकांसाठी पादत्राणं बनवणं हे माझं काम. माप घ्यायचं, मऊ एमसीआरचा (बारीक छिद्रांच्या रबराचा) तळ लावायचा, मागे पट्टा, वर वेल्क्रो. ते जमतं. ती पायात राहत नाहीत, हे खरं दुखणं.

घरात कशाला चपला?

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहतो. डॉक्टर सांगतात "चपला घालूनच चाला", घरी ऐकू येतं "बाहेर जाताना घाला". निवृत्त माणूस बाहेर जातो कितीसा? त्याची बहुतेक पावलं पलंग, संडास, स्वयंपाकघर आणि गॅलरी यांच्यातच पडतात.

एक निवृत्त मास्तर होते. अंगठ्याखालची जखम भरायला कित्येक महिने लागले होते. बूट करून दिले, पैसेही बरेच गेले. काही आठवड्यांत तीच जागा पुन्हा उघडली. "रोज घालतो," म्हणाले. मी बुटातला तळ काढून पाहिला. रोज घातलेल्या तळावर टाचेचा आणि चवड्याचा ठसा उमटतो. हा कोराच होता. वाद न घालता मी सुनेला विचारलं. ती म्हणाली, "आमच्याकडे चपला उंबऱ्याच्या आत येत नाहीत. देवघर आहे ना." हे आधी कोणी विचारलंच नव्हतं, आणि मास्तर आपणहून कशाला सांगतील!

उपाय साधा निघाला: घरातला वेगळा जोड, रस्ता कधीही न पाहिलेला. धुता येतो, त्यामुळे घरातल्या आजींचंही समाधान झालं. रात्री तो पलंगाला लागून ठेवायचा, पूजेला खुर्चीत बसल्यावरच काढायचा. आता मी माप घेताना आधी घराचे नियम विचारतो. भरलेली जखम दर 100 पैकी सुमारे 40 जणांना वर्षभरात पुन्हा होते, आणि मुलं मात्र वडिलांना "हट्टी आहात" म्हणून मोकळी होतात. रागावून बूट पायात जात नाहीत हो. जोड हाताशी ठेवा, अडचण काय ती विचारा.

"दुखत नाही, म्हणजे बसला"

पायाला कळत असतं तर माझी गरजच नव्हती. तपासणीत तळव्याला टेकवतात त्या, दहा ग्रॅमच्या दाबाने वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूचा स्पर्श ज्याला समजत नाही, त्याला बूट चावलेलाही समजत नाही. उलट घट्ट बूटच "छान धरतो" असं वाटतं, कारण तेवढंच काय ते जाणवतं. मी स्वतः कागद वापरतो. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभं राहायचं, कडेने पेन्सिल फिरवायची, आकार कापून बुटात सरकवायचा. कागद दुमडला तर बूट लहान. सर्वांत लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा हवीच.

अॅक्युप्रेशरच्या चपला

यावर माझा आवाज चढतो. बधिर तळव्याखाली टणक गाठी ठेवून त्यावर उभं राहायचं? आम्ही दाब पसरवायला धडपडतो आणि कोणीतरी जत्रेतून दाब गोळा करणारी चप्पल आणून देतो. फेकून द्या. भेट म्हणून आली असेल तरी.

बाकीच्या

बूट घालण्याआधी आत हात फिरवा. खडा, टाचणी, नातवाची खेळणी, सगळं निघतं.

अंगठ्याची हवाई चप्पल नको. बोटाच्या बेचक्यात घासते, निसटते, आणि निसटलेलीही कळत नाही.

नुसते मोजे घालून चालणं म्हणजे अनवाणीच.

वैशाखातल्या दुपारी देवळाच्या फरशीवर प्रदक्षिणा नको. पहाटे जा, नाहीतर कळसाला हात जोडा. वारकऱ्यांना चालतं, तुम्हालाही चालेल.

तळ दाबून सपाट झाला की बदला. वरचं चामडं चकाकतंय म्हणून थांबू नका.

आणि घाई. नवा जोड मिळाला की लोक तो दिवसभर घालून लग्नाला जातात. पहिल्या दिवशी तासभर पुरे, मग रोज थोडं वाढवा. काढल्यावर दोन्ही पाय पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा धरा किंवा घरच्यांना दाखवा. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर बूट बाजूला ठेवा आणि आमच्याकडे परत आणा. घरी ब्लेडने पट्टा कापून, वर सेलोटेप लावून आणू नका. तसा जोड दुरुस्त होत नाही, नवाच करावा लागतो.