बार्न क्विल्ट रंगवताना टेपखालून रंग पाझरत असेल तर : माझा अनुभव

बार्न क्विल्ट म्हणजे कोठाराच्या भिंतीवर लावायची, गोधडीच्या नमुन्याने रंगवलेली फळी. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅडम्स काउंटीत २००१ साली एका कोठारावर लागलेला 'ओहायो स्टार' हाच नमुना मी ४ बाय ४ फुटी फळीवर करते. ४८ इंचांचे १६-१६ इंचांचे नऊ चौकोन पाडायचे आणि कडेच्या मधल्या चारांना दोन्ही कर्ण मारायचे, की चांदणी तयार. आखणी सोपी आहे. जीव जातो तो रंगाच्या कडा सरळ याव्यात म्हणून लावलेली चिकट टेप काढल्यावर, कारण लाल रंगाचे बारीक दात पांढऱ्यात घुसलेले दिसतात.

दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतो. साध्या प्लायवूडच्या रेषा टेपखाली नाल्यांसारख्या मोकळ्या राहतात आणि रंग त्यातून पुढे सरकतो. म्हणून गुळगुळीत कागदी थराचं, बाहेर टिकणारं अर्धा इंची एमडीओ प्लाय घ्यावं. प्रायमरचे दोन हात, कडांना तर जास्तच, कारण पाणी तिथूनच शिरतं.

खरा उपाय पुढे आहे. टेप नखाने किंवा जुन्या प्लास्टिक कार्डाने घट्ट दाबा. मग टेपच्या कडेवरून आधी खालचाच रंग, म्हणजे इथे पांढरा, पातळ फिरवा. जे पाझरायचं ते पांढऱ्यावर पांढरंच पाझरतं आणि फट बुजते. तो सुकल्यावर लाल अ‍ॅक्रिलिकचे दोन-तीन पातळ हात द्या. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप मागे दुमडून सावकाश ओढा. पूर्ण वाळू दिलात तर रंगाची साल टेपबरोबर निघते.

शेजारच्या त्रिकोणावर टेप लावायची घाई नको, रात्रभर थांबा.