पेशीची पिशवी

आरोपी क्रमांक ३. साडेचार वर्षं तालुक्याच्या कोर्टात माझं हेच नाव होतं. क्रमांक १ आमचे हे, क्रमांक २ सासूबाई. जून २०१९ मध्ये, पेरणीच्या तोंडावर, चुलत भासऱ्यांनी धुरा, म्हणजे वावराचा बांध, कोरला. आधी बोलाचाली, मग ढकलाढकली, मग कुऱ्हाडीचा दांडा. संध्याकाळी ते ठाण्यात आधी पोहोचले म्हणून ते फिर्यादी आणि आम्ही आरोपी. निकाल लागला डिसेंबर २०२३ मध्ये. बचत गटाचं लिखाण माझ्याकडं असल्यानं आता कोणाच्या घरी समन्स आलं की बाया कागद घेऊन माझ्याकडं येतात. त्यांना जे सांगते तेच इथं लिहिते.

पहिली गोष्ट आम्ही स्वतःच चुकलो ती. यांच्याही हाताला दांडा लागला होता, मनगट सुजलं होतं. आम्ही हळद लावून घरी बसलो. तुम्ही बसू नका. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा, मारहाणीतली दुखापत आहे म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कागद घ्या आणि आपलीही तक्रार द्या. महिन्याभरानं सुजेचा पुरावा कुठून आणणार?

फिर्यादीत आमच्या पोराचंही नाव होतं. तो त्या दिवशी यवतमाळला परीक्षा देत होता. पोरगा भरतीची तयारी करत असला की त्याचं नाव मुद्दाम घालतात, हा आमच्याकडचा जुना डाव आहे. मी हॉलतिकिटाची झेरॉक्स जोडून तपास अंमलदारांच्या नावानं साधा अर्ज केला आणि दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख, सही घेतली. याला पोच म्हणतात. पोच नसलेला अर्ज दिला काय न दिला काय, सारखंच. चार्जशीटमध्ये पोराचं नाव नव्हतं.

ठाण्यातून नुसता फोन आला तर 'साहेब, लेखी नोटीस द्या, मी येते' म्हणायचं, गोड आवाजात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. नव्या कायद्याच्या, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देता येते. नोटीस आली की मात्र जायचंच. न जाणं म्हणजे अटकेला आपणच निमित्त देणं. कोऱ्या कागदावर सही नाही, अंगठा नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण म्हणून तोंडाला येईल ते बोलू नये. आणि तंटामुक्तीच्या बैठकीत 'आमची चूक झाली' असं वकिलाला न दाखवता लिहून देऊ नका. तो कागद पुढं कोणाच्या हातात निघेल, सांगता येत नाही.

अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. घरच्या माणसाला कळवावं लागतं, अटकेचं कारण सांगावं लागतं. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर सहसा अटक करता येत नाही. अपवाद असला तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांविरुद्ध तक्रार आहे का, वकील आहे का. तिथं मान हलवू नका, बोला. वकील नसेल तर 'नाही, सरकारी खर्चानं द्या' म्हणा.

एफआयआरची प्रत बहुतेक गुन्ह्यांत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते; बायका-मुलांवरच्या अत्याचारासारखे नाजूक गुन्हे तिथं टाकत नाहीत. प्रत आली की कलमं बघा. आमच्यावर जुन्या भारतीय दंड संहितेची होती, ३२३, ३२४, ५०४, ५०६ आणि ३४. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला त्यांच्या जागी नव्या भारतीय न्याय संहितेची ११५(२), ११८(१), ३५२, ३५१ आणि ३(५) दिसतात. वकिलाला एकच विचारा, जामीनपात्र आहे की अजामीनपात्र? जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे, ठाण्यावरही मिळतो, आम्हाला तिथंच मिळाला. अजामीनपात्र असेल आणि अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालय गाठावं लागतं. तालुक्याचे प्रथमवर्ग मॅजिस्ट्रेट तो देऊ शकत नाहीत, हे कळेपर्यंत लोकांचे दोन दिवस जातात.

जामीनदार घरचा, सात-बारा असलेला घ्या. माझा भाऊ आला होता. ताजा सात-बारा, आधार, फोटो, घरटॅक्सची पावती, एवढं त्यानं आणलं. कोर्टाबाहेर पैसे घेऊन जामीन राहणारे फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. खोटा सात-बारा निघाला तर नवीन गुन्हा लागतो.

आता वकील. पहिल्या वकिलांना आम्ही दागिना मोडून पैसे दिले. मला तेव्हा ठाऊकच नव्हतं की बाई आरोपी असली तर तिला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा आहे, त्याचं कलम १२. बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग, कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाकीच्यांना महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर मिळतो. आमच्यासारख्या कोरडवाहू पाच एकरवाल्याला तहसीलचा दाखला सहज निघतो. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्या इमारतीतच असते. छापील फॉर्म, आधार, केसचे कागद, झालं. १५१०० हा फोन नंबरही आहे. बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालय असतं, तिथले वकील फौजदारी केसच लढतात. या वकिलांची फी सरकार देतं. कोणी वर मागितली तर समितीला लेखी कळवा. 'फुकटचा वकील काय कामाचा' असं आमच्या गावात म्हणतात. माझी उलटतपासणीची बाजू फुकटच्या मॅडमनीच लढवली, आणि धुऱ्याचा नकाशा हातानं काढून आणायला त्यांनीच सांगितलं.

त्या मॅडम कशा आल्या, ते आमच्या वॉरंटातून. नोव्हेंबर २०२१, कापूस बोंडात फुटलेला, वेचायला मजूर मिळेना, आणि त्यातच पेशी, म्हणजे कोर्टाची तारीख. पहिल्या वकिलांच्या मुन्शीला फोन केला. तो म्हणाला, "नाही आल्या तं चालते वहिनी, आम्ही पाहून घेतो." त्यांनी काही पाहिलं नाही. पुढच्या आठवड्यात दारात हवालदार, हातात पकड वॉरंट, ओसरीवर सासूबाई कापसाच्या ढिगाजवळ बसलेल्या. त्या उठल्या, पदर सावरला आणि हवालदाराला पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीनं आम्ही तिघं आपणहून कोर्टात गेलो, वॉरंट रद्दचा अर्ज दिला, २०० रुपये दंड भरला. परतताना विधी सेवा समितीचा फॉर्म घेतला. खरोखर येता येत नसेल तर वकिलामार्फत त्याच दिवशी हजेरीमाफीचा अर्ज पडला पाहिजे, आणि तो पडला का हे संध्याकाळी विचारलं पाहिजे.

तेव्हापासून पिशवी आली. बियाणं कंपनीची फुकट मिळालेली कापडी पिशवी, कोठीमागं खिळ्याला. तिच्यात एफआयआर, चार्जशीटची पूर्ण प्रत (ही आरोपीला फुकट द्यावीच लागते), जामिनाचे कागद, प्रत्येक अर्जाची पोच आणि शाळेची चौकटीची वही. वहीत तारीख, काय झालं, कोण साक्षीदार आला, पुढची पेशी. वरच्या पानावर केसचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, जो ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये टाकला की पुढची तारीख दिसते. वकील बदलला तेव्हा मॅडमनी आधीच्या ऑफिसातून कागद यायची वाट पाहिली नाही, पिशवीच टेबलावर उलटी केली.

पेशीच्या दिवशी अकराच्या आधी पोहोचा. बोर्डावर आपला नंबर बघा आणि दारापासून लांब जाऊ नका. पुकारा करणारा पट्टेवाला आडनाव कसंही उच्चारतो, आमचं तर दर वेळी वेगळं. चहाला गेलात आणि पुकारा झाला की गैरहजर. गंमत अशी की फिर्यादी भासरे आणि आम्ही एकाच यष्टीनं जायचो, कारण दुसरी गाडीच नाही. ते पुढं, आम्ही मागं. कंडक्टरला सगळं माहीत होतं. गाडीत केसबद्दल एक शब्द नाही, साक्षीदाराशी तर मुळीच नाही. साक्षीदाराला धमकावल्याचा आरोप आला की जामीन धोक्यात.

एक दिवस साहेब विचारतात, गुन्हा कबूल आहे का? बाहेर कोणीतरी कानात सांगतंच, 'हो म्हणा, पाचशे दंड भरा, मोकळे व्हा.' मोकळे होत नाही. ती शिक्षा म्हणून नोंद होते आणि चारित्र्य पडताळणीत वर येते. वकिलाशी बोलल्याशिवाय हो म्हणू नका. त्यानंतर साक्षी, मग आरोपीचा जबाब, युक्तिवाद, निकाल. या मधल्या काळात बसून राहणंच जास्त असतं, म्हणून भाकर बांधून न्या.

आमची निर्दोष मुक्तता झाली. साक्षीदारांपैकी एकानं उलटतपासणीत सांगितलं की तो नाल्यापलीकडं होता. निकालाआधी, वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहू म्हणून सहा महिन्यांचा मुचलका द्यावा लागला, त्याचं दडपण घेऊ नका. निकालाच्या सहीशिक्क्याच्या दोन-तीन नकला तेव्हाच काढून ठेवा.

धुरा मात्र तिथंच होता. फौजदारी कोर्ट मारामारी बघतं, वावराची हद्द नाही. हद्दीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज वेगळा. तो आम्ही २०१९ मध्येच करायला हवा होता, केला जानेवारी २०२४ मध्ये. मोजणीची नोटीस दोन्ही घरी एकाच दिवशी आली. माझी पिशवीत ठेवली आहे.