जुन्या गाडीच्या इंजिनासाठी कूलंट आणि पाणी कसे निवडावे

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, जुन्या मारुती ८०० आणि जीप अजूनही जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात. चोर्ला किंवा आंबोलीचा घाट चढताना अशी गाडी गरम होऊ लागली की आपण थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप), पंखा आणि वॉटर पंप यांच्यावर संशय घेतो. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे कोणते पाणी ओतले गेले आहे, हे मात्र क्वचितच विचारले जाते. माझ्या मते जुन्या इंजिनाच्या बाबतीत कूलंटच्या, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवाच्या, ब्रँडपेक्षा हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असे पुष्कळ जण म्हणतात. परंतु कूलंटचे काम तेवढेच नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथे साधे पाणी उघड्यावर १०० अंशांच्या दोन-अडीच अंश आधीच उकळते. निम्मे कूलंट मिसळले तर हा उत्कलनबिंदू सात-आठ अंशांनी वर जातो. त्याहून मोठा लाभ गंजरोधक द्रव्यांचा आहे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे आणि जुना रेडिएटर तांबे-पितळेचा, शिसे-कथलाच्या डाखाने जोडलेला असतो. असे निरनिराळे धातू एकाच पाण्यात असले की त्यांपैकी अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड झिजू लागतात.

पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असू शकतात. आपल्या बोअरचे पाणी स्टीलच्या ताटलीत थोडेसे घेऊन पूर्ण आटू द्यावे. तळाशी जो पांढरा, बोटाला खरखरीत लागणारा थर राहतो, तोच इंजिन तापल्यावर ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांना चिकटतो आणि धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचू देत नाही. क्लोराइड जास्त असेल तर अ‍ॅल्युमिनियमला बारीक खड्डे पडतात. नळाचे पाणी बोअरपेक्षा बहुधा बरे असते, तरी तेही कायमचे भरण्याजोगे नाही. सॉफ्टनरमधून (पाण्याचा जडपणा घालवणाऱ्या यंत्रातून) आलेल्या पाण्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येते आणि क्लोराइड तसेच राहते, म्हणून तेही टाळावे. बॅटरीच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर मिळणारे डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड पाणीच घ्यावे. मात्र ते बॅटरीचे पाणीच आहे, अ‍ॅसिड नव्हे, हे लेबल वाचून पक्के करावे. ते नसल्यास आरओचे पाणी चालेल. परंतु नुसते डिस्टिल्ड पाणी भरून गाडी चालवत राहू नये, कारण त्यात गंजाला अटकाव करणारे काहीच नसते.

कूलंट निवडताना रंगावर विसंबू नये. हिरवा, लाल, निळा हे रंग प्रत्येक कंपनी आपल्या सोयीने देते. लेबलवर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यांपैकी एखादे मानक आहे का, हे पाहावे. डाखाचा तांबे-पितळी रेडिएटर असेल तर सिलिकेट किंवा फॉस्फेट असलेले पारंपरिक, म्हणजे आयएटी (असेंद्रिय गंजरोधकांच्या) प्रकारचे कूलंट मला अधिक योग्य वाटते. ते साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे लागते. ओएटी (सेंद्रिय आम्लांच्या गंजरोधकांच्या) प्रकारचे कूलंट जास्त काळ टिकते, परंतु त्यातील काही द्रव्ये जुन्या डाखाला आणि सीलना मानवत नाहीत. दोन प्रकार एकमेकांत मिसळू नयेत. आपल्या हवामानात पाणी न मिसळलेल्या एक भाग कूलंटला दोन भाग पाणी पुरते. घाटात सतत ये-जा असेल तर निम्मे-निम्मे ठेवावे. निम्म्याहून अधिक कूलंट घातल्याने उलट उष्णता वाहून नेण्याची क्षमता घटते.

भरण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नये. रेडिएटरचा खालचा कॉक आणि असल्यास ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडून, हीटरचा कॉक चालू ठेवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवावे आणि शेवटचे धुणे डिस्टिल्ड पाण्याने करावे. ब्लॉकमध्ये थोडे पाणी राहतेच, म्हणून मॅन्युअलमधील एकूण क्षमतेवरून लागणारे कूलंट मोजून ते आधी ओतावे आणि उरलेली जागा पाण्याने भरावी. तयार मिश्रण ओतले तर ते आणखी पातळ होते. नंतर कॅप न लावता इंजिन चालू ठेवावे. वरचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबेपर्यंत पातळी भरत राहावी. कॅप मूळ दाबाचीच असावी, कारण जास्त दाबाची कॅप जुना डाख उकलू शकते. वाटेत गळतीसाठी हळद टाकली असेल, तर घरी येताच सर्व धुऊन काढावे.

काढलेले कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नये. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. गायी-म्हशी आणि कुत्री ते चाटून दगावू शकतात. झाकणाच्या डब्यात भरून, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवून, वापरलेली तेले गोळा करणाऱ्या गॅरेजकडे ते द्यावे.