यील्डचा आकडा बघितला, आता हिस्टरीही बघा

२०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. लोकमान्य नगरला राहणाऱ्या आमच्या काकांचा फोन आला, अरे वेदांता कंपनीच्या शेअरचं डिव्हिडंड यील्ड ३६ टक्के दाखवतंय, एफडी मोडून त्यात पैसे टाकू का? मी म्हटलं थांबा, येतो. संध्याकाळी पोहे खाता खाता त्यांना जे दाखवलं तेच इथे लिहितोय, कारण इंदूरमधली आपली रिटायर झालेली बरीच मंडळी हेच विचारतात.

यील्ड म्हणजे वर्षभरात एका शेअरवर मिळालेला डिव्हिडंड (कंपनी नफ्यातून वाटते तो लाभांश) भागिले आजचा भाव, गुणिले १००. वेदांताने २०२२-२३ मध्ये पाच वेळा मिळून १०१.५० रुपये दिले आणि भाव होता पावणेतीनशेच्या आसपास, म्हणून एवढं यील्ड. गणित चूक नाही, पण ते मागच्या वर्षाचं आहे, आणि पुढच्या वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, मिळाले २९.५० रुपये. एफडीचं व्याज ठरलेलं असतं, डिव्हिडंड दरवर्षी कंपनी ठरवते, हा फरक डोक्यात पक्का बसवा. अजून एक, भाव पडला तरी यील्ड वाढतं, म्हणून यील्ड मोठं दिसलं की आधी वर्षभराचा चार्ट उघडा, डिव्हिडंड वाढलाय की शेअर आपटलाय ते बघा.

बातमीत "५०० टक्के डिव्हिडंड" वाचून हरखून जाऊ नका हं, ते टक्के फेस व्हॅल्यूवर, म्हणजे शेअरच्या मूळ दर्शनी किमतीवर असतात, बाजारभावावर नाही. फेस व्हॅल्यू २ रुपये असेल तर ५०० टक्के म्हणजे १० रुपये, बस.

आता हिस्टरी. बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर कंपनीचं नाव टाका, कॉर्पोरेट अॅक्शन्समध्ये सगळे जुने डिव्हिडंड तारखेसकट मिळतात. एक वही घ्या आणि निदान आठ-दहा वर्षांचं लिहून काढा, वर्ष, एकूण रुपये, आणि शेजारी त्या वर्षाचा ईपीएस, म्हणजे एका शेअरमागे कंपनीची कमाई. हाताने लिहा असं मी मुद्दाम सांगतो, कारण लिहिताना खाचखळगे दिसतात. स्पेशल डिव्हिडंड, म्हणजे नेहमीच्या वर एखाद्या वेळी दिलेला जादा, वेगळ्या रकान्यात लिहा. टीसीएसने २०२२-२३ मध्ये ११५ रुपये दिले पण त्यातले ६७ स्पेशल होते, म्हणजे नेहमीचे ४८ च, यील्ड काढताना तेच धरा. बोनस (फुकट मिळालेले शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे केलेले तुकडे) यांचंही बघा, रिलायन्सने २०२३-२४ ला १० दिले आणि २०२४-२५ ला ५.५०, वाटतं अर्धा केला, पण मध्ये ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस झाला, म्हणजे जुन्या हिशोबाने ११ झाले, वाढलाच की.

ईपीएस कशाला लिहायचा? डिव्हिडंडला ईपीएसने भागलं की कळतं कमाईतला किती हिस्सा वाटला. कमाई २० आणि वाटले ३०, असं एखादं वर्ष ठीक, सलग दिसलं तर पैसा साठ्यातून नाहीतर कर्जातून येतोय, तिथे मी तरी हात लावत नाही.

प्रत्येक डिव्हिडंडची एक एक्स-डेट असते, शेअर तिच्या आदल्या ट्रेडिंग दिवसापर्यंत घेतलेला हवा, एक्स-डेटला किंवा नंतर घेतला तर तो डिव्हिडंड नाही. आणि फक्त डिव्हिडंडसाठी आदल्या दिवशी घेण्यात फायदा नसतो, एक्स-डेटला भाव साधारण तेवढाच खाली उघडतो.

टॅक्स १ एप्रिल २०२० पासून आपल्यालाच आपल्या स्लॅबने लागतो. एका कंपनीकडून वर्षात १०,००० च्या वर मिळाले तर १० टक्के टीडीएस कापतात, आधी ही मर्यादा ५,००० होती, एप्रिल २०२५ पासून वाढवली.

काकांनी एफडी मोडली नाही, वही मात्र केली, आणि ती करताना आजींच्या नावावरचे जुने शेअर आठवले ज्यांचे डिव्हिडंड कित्येक वर्षं कुणी वटवलेच नव्हते. सात वर्षं न घेतलेला डिव्हिडंड आयईपीएफ या सरकारी फंडात जातो, सलग सात वर्षं तसंच राहिलं तर शेअरसुद्धा तिकडेच जातात, पण वारसांना क्लेम करून परत मागता येतात. तुमच्याही घरी जुन्या ट्रंकेत सर्टिफिकेटं असतील तर या रविवारी काढून बघा.