कंपनीची मालकी बदलताना गावातल्या छोट्या भागधारकाने काय करावे

आर्वी किंवा दारव्ह्याच्या एखाद्या निवृत्त गुरुजींकडे शंभरेक शेअर असतात आणि ती कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जात असल्याचे त्यांना बहुधा व्हॉट्सॲपवरूनच कळते. कंपनीचा ई-मेल येऊन पडलेला असतो, पण डिमॅट खात्यावर मोबाइल क्रमांक आणि ई-मेल पुण्यातल्या मुलाचा असतो. ओटीपीही त्याच्याकडेच जातो. त्यामुळे ब्रोकरकडे अर्ज देऊन आधी स्वतःचा क्रमांक लावून घ्यावा. बाकी सारे त्यानंतरचे.

सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या २०११ च्या नियमांनुसार एखाद्याचा मतदानातील वाटा २५ टक्क्यांवर पोहोचत असेल किंवा कंपनीचे नियंत्रण त्याच्याकडे जात असेल, तर काही सवलतींचे प्रकार वगळता, त्याला इतर भागधारकांकडून किमान २६ टक्के शेअर घेण्याची ओपन ऑफर द्यावी लागते. या ऑफरचे पत्र जाडजूड असते. ते सगळे वाचवत नसेल तर निदान भाव कसा ठरवला हा भाग सोडू नये. प्रवर्तकांशी, म्हणजे कंपनी आजवर ताब्यात असलेल्या मालकांशी, करारात ठरलेला भाव, खरेदीदाराने मागील काळात मोजलेला भाव आणि शेअरची नियमित उलाढाल असल्यास घोषणेपूर्वीच्या ६० व्यवहार-दिवसांची भारित (जास्त उलाढालीच्या भावाला जास्त वजन देणारी) सरासरी, यांतील सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा ऑफरचा भाव कमी असता कामा नये. स्पर्धा न करण्याच्या नावाखाली प्रवर्तकांना वेगळी रक्कम दिली, तरी नियम तीही भावातच धरतो. खरी मेख बहुतेक वेळा इथेच असते.

म्हणून कंपनी सचिवांना आणि ऑफरचे काम पाहणाऱ्या मर्चंट बँकरला आपल्या डिमॅट खात्याचा क्रमांक (डीपी आयडी आणि क्लायंट आयडी) देऊन पत्राने सरळ विचारावे: ‘प्रवर्तकांना शेअरच्या किमतीशिवाय आणखी काही रक्कम मिळणार आहे काय, आणि ती ऑफरच्या भावात धरली आहे काय?’ कंपनीच्या स्वतंत्र (प्रवर्तकांशी संबंध नसलेल्या) संचालकांच्या समितीला आपली सकारण शिफारस शेअर देण्याची मुदत सुरू होण्याच्या किमान दोन कामकाजाचे दिवस आधी जाहीर करावी लागते; आपले पत्र त्याच्या बरेच आधी पोहोचले तरच उपयोग. वर्धा-यवतमाळच्या भागधारकांनी गट जरूर करावा, पण पत्र प्रत्येकाने आपल्या नावाने पाठवावे. ‘भाव दुप्पट होणार, कोणी विकू नका’ असले संदेश मात्र गटात फिरवू नयेत; अफवेने भाव हलवल्याचा ठपका पाठवणाऱ्यावर येऊ शकतो.

मुदत दहा कामकाजाच्या दिवसांची असते आणि एकदा दिलेले शेअर मागे घेता येत नाहीत, त्यामुळे पहिल्याच दिवशी शेअर देण्याची घाई नको. भाव वाढवायचा असेल तर तो मुदत सुरू होण्यापूर्वीच वाढवावा लागतो. सगळे शेअर घेतले जातील असेही धरू नये: ऑफर २६ टक्क्यांची असताना उरलेल्या ७४ टक्क्यांच्या सर्व मालकांनी शेअर दिले, तर शंभरांतले साधारण ३५ स्वीकारले जातात आणि बाकीचे खात्यात परत येतात.

विलीनीकरणासारख्या ठरावावर सभेआधी ई-मतदान होते. ते किमान तीन दिवस चालते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होते. गावात लाइन आणि नेटवर्क या दोहोंचा भरवसा नाही, तेव्हा मत पहिल्याच दिवशी द्यावे.

कंपनीने पत्राला उत्तर दिले नाही, तर सेबीच्या स्कोअर्स या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. कंपनीला २१ दिवसांत कार्यवाही अहवाल द्यावा लागतो. तक्रारीला आपले मूळ पत्र, ते पाठवल्याची तारीख दिसणारा पुरावा आणि ऑफरच्या पत्रातले भावाचे पान जोडावे.