ॲस्बेस्टॉसचे तंतू मोजताय? मग या चुका टाळा

मे महिना आला की फोन सुरू होतात. "जुने ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे उतरवायचेत, पावसाच्या आधी शेड पूर्ण करायचीय, हवा तपासून द्या. आणि रिपोर्ट उद्या मिळेल ना?" उद्या काहीतरी मिळेल, पण तो रिपोर्ट असेल का, हा वेगळा प्रश्न. ॲस्बेस्टॉसच्या मोजणीत पंपाने हवा फिल्टरमधून ओढायची आणि त्यावर बसलेले तंतू मायक्रोस्कोपखाली मोजायचे. यात माणसं ज्या चुका करतात, त्यातल्या बहुतेक मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधीच झालेल्या असतात. नंतर कितीही चांगला मोजणारा बसवा, जे फिल्टरवर आलंच नाही किंवा वाटेत झडून गेलं, ते त्याला दिसणार कसं? तरी शिव्या खातो तो बिचारा मोजणाराच.

हे लिहितोय ते नवे सेफ्टी ऑफिसर आणि प्रयोगशाळेत नुकतेच रुजू झालेले केमिस्ट यांच्यासाठी. क्रम महत्त्वाचा नाही. ज्या चुकांचा मला जास्त राग येतो, त्यांना जास्त जागा दिली आहे.

पंधरा मिनिटं पंप चालवून "आढळले नाही" लिहिणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून आधी हीच.

एका औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये पत्रे ग्राइंडरने कोरडेच कापत होते. पाणी मारायचं, हाताच्या करवतीने कापायचं, वगैरे कुणाच्या गावी नव्हतं. कामगारांनी आवाज उठवल्यावर व्यवस्थापनाने कुठल्यातरी सल्लागाराकडून हवा तपासून घेतली. रिपोर्टवर मोठ्या अक्षरात "तंतू आढळले नाहीत", खाली शिक्का, आणि तो कागद नोटीस बोर्डावर. माझ्याकडे तो आला तेव्हा मी निकाल वाचलाच नाही. मी आधी हवेचा आकडा शोधतो. तो शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होता: मिनिटाला 2 लिटर, 15 मिनिटं. म्हणजे 30 लिटर.

आता गणित करा. 25 मिमीच्या फिल्टरवर धूळ बसणारं क्षेत्रफळ साधारण 385 चौरस मिमी. मायक्रोस्कोपमधलं वॉल्टन-बेकेट ग्रॅटिक्युल (मोजणीची गोल चौकट) 100 मायक्रॉन व्यासाचं, म्हणजे एका फील्डचं, एका वेळी मोजायच्या त्या गोलाचं, क्षेत्रफळ 0.00785 चौरस मिमी. नायोश या अमेरिकी व्यवसाय-आरोग्य संशोधन संस्थेच्या 7400 क्रमांकाच्या पद्धतीत 100 फील्ड मोजल्यावर ओळखता येणारी किमान घनता आहे चौरस मिमीला 7 तंतू, म्हणजे शंभर फील्डमध्ये जेमतेम साडेपाच तंतू. त्याखालचं सगळं कोऱ्या फिल्टरवरही दिसू शकतं. 7 गुणिले 385, भागिले 30,000 मि.ली. उत्तर येतं 0.09 तंतू प्रति मि.ली. अमेरिकेत ओशाची (कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेची) आठ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे 0.1. म्हणजे त्या सल्लागाराला हवा मर्यादेला टेकेपर्यंत काहीही दिसण्याची सोयच नव्हती. त्याच्या "आढळले नाहीत"चा खरा अर्थ "0.09 पेक्षा कमी असावेत, बाकी देव जाणे" एवढाच होता.

त्यातही ती पंधरा मिनिटं चहाच्या सुट्टीतली होती. ग्राइंडर बंद.

आम्ही परत गेलो. कापणाऱ्या माणसाच्या कॉलरला, नाकातोंडाच्या जवळ, कॅसेट (फिल्टरची डबी) तोंड खाली करून लावली आणि पूर्ण पाळी मोजली. आकडा मर्यादेच्या वर आला. आश्चर्य वाटलं ते फक्त नोटीस बोर्डावाल्यांना.

हाच हिशेब 400 लिटरला करून बघा. हवेत 0.1 तंतू असतील तर शंभर फील्डमध्ये ऐंशीच्या आसपास तंतू मिळतात. तेवढे हाती असले की आकड्याबद्दल बोलता येतं. ब्रिटनमध्ये काढकाम झाल्यावर जागा मोकळी करताना 0.01 चा निकष लावतात, तेव्हा किमान 480 लिटर हवा ओढून 200 फील्ड मोजतात. ते लोक हौस म्हणून जास्त वेळ बसत नाहीत.

माझी सवय सांगतो. पंप बॅगेत भरण्याआधी मी कागदावर उलटं गणित मांडतो: कोणत्या आकड्याशी तुलना करायची, त्यासाठी किती लिटर लागतील, म्हणजे किती तास. आणि रिपोर्टमध्ये "आढळले नाही" हे शब्द मी लिहीतच नाही. "इतक्यापेक्षा कमी" लिहितो. ग्राहकाला ते आवडत नाही, चालेल.

उलट टोक: फिल्टर काळा होईपर्यंत ओढणे

पहिली चूक समजली की नवखी माणसं दुसऱ्या टोकाला जातात. धुळीच्या शेडमध्ये दिवसभर जोरात पंप चालवतात आणि राखाडी फिल्टर घेऊन अभिमानाने येतात. फील्डचा सहावा भाग धुळीच्या ढेकळाने झाकला असेल तर ते फील्ड सोडून द्यायचं असतं. अशी फील्डं सोडता सोडता मोजायला उरतं काय? धुळीखाली दडलेले तंतू मोजले जात नाहीत आणि आकडा खोटाच कमी येतो. चौरस मिमीला 100 ते 1300 तंतू ही सुखाची घनता. धुळीच्या जागी मी एकाच माणसावर पाळीभरात ओळीने दोन-तीन कॅसेट बदलतो आणि सरासरी काढतो. काम वाढतं, कॅसेटचा खर्चही वाढतो. पर्याय मला माहीत नाही.

थर्मोकोल

हे वाचून हसाल, पण नमुन्यांचे पार्सल उघडताना मला आधी थर्मोकोलच दिसतो. पाठवणाऱ्याला वाटतं, केवढी काळजी घेतली! थर्मोकोलवर स्थिर वीज साचते आणि तंतू फिल्टरवरून सुटून कॅसेटच्या भिंतीला चिकटतात. नायोशच्या पद्धतीत हे स्पष्ट लिहिलं आहे, पण पद्धत वाचतो कोण. कॅसेटचं 50 मिमीचं काउल, म्हणजे फिल्टरपुढची नळी, विद्युतवाहक असावं लागतं, तेही याच कारणाने. साधं पारदर्शक प्लास्टिकचं काउल स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका. मी कॅसेट वर्तमानपत्राच्या बोळ्यांमध्ये घट्ट बसवून पुठ्ठ्याच्या खोक्यातून आणतो, शक्यतो स्वतः. कुरियरवाला खोकं कसं फेकतो ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

बारीकसारीक, पण रोजचं

पंपाचा प्रवाह कॅसेट जोडूनच तपासा, आधी आणि नंतर. नुसता पंप तपासून उपयोग नाही.

फील्ड ब्लँक, म्हणजे जागेवर नेऊन उघडलेले पण हवा न ओढलेले फिल्टर, किमान दोन, किंवा नमुन्यांच्या दहा टक्के, जे जास्त असेल ते. "जागेवर विसरलो" म्हणून ऑफिसात बसून उघडलेला ब्लँक हा ब्लँक नव्हे.

पावसाळ्यात ओल धरलेल्या ॲसिटोनने फिल्टर नीट पारदर्शक होत नाही. बाटली नवी उघडा, कंजूषपणा करू नका.

वजनी धुळीच्या आकड्यावरून तंतूंचा आकडा काढू नका. असा कुठलाही विश्वासार्ह गुणक नाही.

मायक्रोस्कोपची नजर तपासायची एचएसई-एनपीएल ही ब्रिटिश टेस्ट स्लाइड रोज बघा. तिच्यावर रेघांचे सात गट आहेत. तिसऱ्यापर्यंतचे गट स्वच्छ दिसायला हवेत, चौथा-पाचवा अर्धवट, आणि सहावा-सातवा दिसताच कामा नये. एक उत्साही पोरगा मला सांगत होता की त्याच्या मायक्रोस्कोपला सहावाही दिसतो, म्हणजे यंत्र भारी! तसं नाही बाबा. तुला इतरांपेक्षा जास्त बारीक तंतू दिसले तर तुझा आकडा इतरांच्या आकड्याशी जुळणार नाही, आणि सगळ्या मर्यादा त्या इतरांच्या नजरेवर ठरलेल्या आहेत.

प्रत्येक तंतूला ॲस्बेस्टॉस समजणे

फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप फक्त आकार बघतो: 5 मायक्रॉनपेक्षा लांब, 3 मायक्रॉनपेक्षा बारीक, लांबी रुंदीच्या किमान तिप्पट. या नियमात काचलोकरीचा तुकडा बसतो, गोणपाटाचा धागा बसतो, जिप्समची सुईही बसते. पत्रे काढल्यावर त्याच शेडमध्ये छताला काचलोकर ठोकत असताना नमुना घेतला आणि मग आकडा बघून घाबरगुंडी उडाली, हे मी पाहिलं आहे. शंका असेल तर उरलेला अर्धा फिल्टर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपला पाठवा. तो स्फटिकरचना आणि मूलद्रव्यं पाहून सांगतो की हा क्रायसोटाइल की अमोसाइट (दोन्ही ॲस्बेस्टॉसचे प्रकार) की नुसतीच काच.

दुसरी बाजूही आहे. साधारण 0.2 मायक्रॉनपेक्षा बारीक तंतू प्रकाशाच्या मायक्रोस्कोपला दिसतच नाहीत. युरोपीय संघाने 2023 च्या निर्देशात मर्यादा 0.1 वरून 0.01 वर आणली आणि 2029 च्या अखेरीपासून मोजणी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने किंवा तितक्याच अचूक पद्धतीने करायला सांगितली, त्यामागे हेच आहे. आपल्याकडे ते यंत्र महाग आणि दूर, हे मान्य. मग रिपोर्टवर निदान "एकूण तंतू" असं लिहा, "ॲस्बेस्टॉस" असं छातीठोक नको.

पाण्याची बाटली खिडकीत ठेवणे

जुन्या नळयोजनांमध्ये ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पाइप अजून जमिनीखाली आहेत, त्यामुळे पाण्याचे नमुनेही येतात. आणि ते येतात महिन्याभराने, काठोकाठ भरलेले, वर कुणीतरी सवयीने ॲसिड घातलेलं. तिन्ही गोष्टी चूक. पाण्यात जिवाणू आणि शेवाळ वाढतं, बाटलीच्या भिंतीवर बुळबुळीत थर धरतो आणि तंतू त्यात अडकून बसतात. 48 तासांत गाळा. ते जमलं नाही तर ओझोन आणि अतिनील प्रकाशाने तो थर मोडावा लागतो. बाटलीत हलवायला जागा ठेवा, ॲसिड घालू नका, गाळण्याआधी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये बाटली ठेवा. आणि हे काम प्रकाशाच्या मायक्रोस्कोपवर करायचंच नाही, पाण्यातले बहुतेक तंतू त्याच्या नजरेखालून निसटतात.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 70 लाख तंतू आहे, पण ती 10 मायक्रॉनपेक्षा लांब तंतूंसाठी. एखाद्या प्रयोगशाळेने अर्ध्या मायक्रॉनपासूनचे सगळे मोजले आणि ते 70 लाखांशी ताडले, की गावात बोंबाबोंब. 1973 मध्ये मिनेसोटातल्या डुलुथ शहराच्या पाण्यात, लेक सुपीरियरमध्ये सोडलेल्या टॅकोनाइट या लोहखनिजाच्या गाळातून आलेले अँफिबोल (अमोसाइट ज्यात येतो तो खनिजगट) तंतू सापडले, तेव्हा खटल्यात तंतूंच्या धोक्याइतकाच त्यांच्या मोजणीवरही खल झाला. मोजणीची व्याख्या न सांगता पाण्याचा आकडा देणाऱ्याने ते प्रकरण जरूर वाचावं.

फुप्फुस: ओलं की सुकं?

या चुकीत माणसाची भरपाई बुडते, म्हणून थोडं सविस्तर.

एका निवृत्त कामगाराच्या फुप्फुसाच्या तुकड्याचा रिपोर्ट मत देण्यासाठी माझ्यासमोर आला होता. ग्रॅमला 640 ॲस्बेस्टॉस बॉडीज (फुप्फुसात लोह-प्रथिनाचा थर चढलेले तंतू). खाली शेरा: "हेलसिंकी निकषाच्या 1000 पेक्षा कमी, व्यावसायिक संपर्क सिद्ध होत नाही." हेलसिंकी निकष म्हणजे ॲस्बेस्टॉसचे आजार ठरवायला तज्ज्ञांनी 1997 मध्ये घालून दिलेले मापदंड. त्यातले 1000 हे सुकवलेल्या ऊतीच्या ग्रॅमला आहेत. ओल्या ऊतीला तोच निकष 100 आहे, कारण फुप्फुस सुकलं की वजन साधारण दहावा भाग उरतं. मी कच्ची नोंद मागवली. तुकडा फॉर्मालिनमधून काढून, टिपून, तसाच तोलला होता. म्हणजे निकषाच्या सहापटीहून जास्त. एक शब्द लिहायचा राहिला आणि शेरा उलटा झाला.

रिपोर्ट लिहिणाऱ्याला मी विचारलं तर म्हणाला, सुकवायला रात्र जाते, घाई होती. पण सुकवायला सांगितलंय कोणी? "ओलं" एवढं तरी लिही.

माझी पद्धत अशी: तुकड्याचे दोन भाग, एक पचवायला (ऊती रसायनात विरघळवून तंतू मोकळे करायला) आणि शेजारचा सुकवून वजनाचं गुणोत्तर काढायला. गाठीचा भाग घ्यायचा नाही, आणि एकाच जागेवर विसंबायचं नाही, कारण एकाच फुप्फुसात जागोजागी आकडा कित्येक पटींनी बदलतो. पचवायला सोडियम हायपोक्लोराइट चालतं, पण ते, फॉर्मालिन आणि पाणी आधी 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून घ्या. प्रत्येक खेपेला ऊतीशिवाय एक रिकामा ब्लँकही चालवा. बाजारच्या ब्लीचमध्ये काय काय तरंगतं ते एकदा गाळून बघाच.

आणि फुप्फुसात काही सापडलं नाही म्हणून संपर्क नव्हता, असं लिहू नका. पांढरा ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रायसोटाइल, फुप्फुसात तुटतो, विरघळतो, निघून जातो. बॉडीज बनतात त्या मुख्यतः अँफिबोलवर. आपल्याकडच्या पत्र्यांमध्ये क्रायसोटाइलच जास्त, तेव्हा तीस वर्षं पत्रे कापलेल्या माणसाच्या फुप्फुसात आकडा किरकोळ येऊ शकतो. अशा वेळी त्याची नोकरीची कागदपत्रं मायक्रोस्कोपपेक्षा जास्त सांगतात.

सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात मेम्ब्रेन फिल्टर चाचणी (फिल्टरवरचे तंतू मोजायची ही पद्धत) सगळ्या कारखान्यांना लागू केली आणि कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान 40 वर्षं किंवा निवृत्तीनंतर 15 वर्षं, जे उशिरा येईल तोपर्यंत, ठेवायला सांगितलं. हवेच्या मोजणीची कच्ची वही, म्हणजे लिटर, मिनिटं, फील्ड, ब्लँक आणि मोजणाऱ्याचं नाव, मी त्याच हिशेबाने ठेवतो. फिल्टरचा उरलेला अर्धा भागही, त्यावर नंबर टाकून. पेनने नको, पेन्सिलने. ॲसिटोन सांडला तर पेनची शाई पुसली जाते.