कोरफडीचा गर घरी काढताना: आधी पिवळा चीक, मग बाकी सगळं

लावायचं काम सोपं आहे. जुन्या झाडाच्या बुडाशी आलेलं पिल्लू मुळांसकट काढा, भोक असलेल्या मातीच्या कुंडीत जाड वाळू मिसळून लावा आणि माती पार सुकल्याशिवाय पाणी घालू नका. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली ओढा. कोरफड उन्हाने सहसा मरत नाही, लाडाने मरते. रोप आणताना कोरफडीसारखंच दिसणारं घायपात गळ्यात पडणार नाही एवढं बघा. त्याच्या पानात दोरे असतात आणि रसाने अंगाला खाज सुटते.

पान नेहमी सगळ्यात बाहेरचं, खालचं, जाडजूड घ्यावं आणि बुंध्यालगत कापावं. मधल्या कोवळ्या पानांना हात लावू नका.

खरी मेख इथून पुढे आहे. पान कापलं की तोंडाशी पिवळा, उग्र वासाचा चीक येतो. हा गर नव्हे. तो सालीच्या लगेच आत असतो, त्यात अ‍ॅलोइन असतं आणि ते जबर रेचक आहे. हाच चीक आटवून काळा बोळ, म्हणजे जुलाबाचं जुनं औषध, करतात, यावरून काय ते समजा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर २००२ मध्ये कोरफडीच्या चिकाची रेचकं बिनचिठ्ठीच्या औषधांतून काढून टाकली. आणि आपल्याकडे लोक सालीसकट पान मिक्सरला लावून सकाळी उपाशीपोटी पितात! मग पोटात मुरडा आला की ‘शरीर शुद्ध होतंय’ म्हणतात.

तर पान कापलेली बाजू खाली करून स्टीलच्या पेल्यात उभं करा. ‘दहा मिनिटं पुरे’ हा सल्ला कानाआड करा. तासभर तरी राहू द्या. मध्येच चीक तोंडाशी घट्ट होऊन साकळतो, तेव्हा बुडाची पातळ चकती कापून पान पुन्हा उभं करा. जुने कपडे घाला, डाग जात नाहीत. निथळल्यावर पान धुवा, बुडाचा पांढरा भाग आणि दोन्ही काटेरी कडा काढा.

आता साल. इथे चमचा वापरू नका. चमच्याने खरवडलं की सालीखालचा चीक गरात येतो, आणि इतका वेळ निथळवलं ते फुकट जातं. मलाही हा हात बसायला वेळ लागला. पातळ सुरीने साल जरा जाडच काढा. थोडा गर सालीला गेला तर जाऊ द्या, हिरवट पापुद्रा मात्र गराला राहता कामा नये. मग वड्या पाडून पाण्यात ठेवा आणि पाणी पिवळट दिसेनासं होईपर्यंत बदला. एक वडी जिभेला लावून बघा. कडू लागली तर परत धुवा.

मिक्सरमधून फिरवा, फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. गुलाबी झाला किंवा वास आला तर फेका. गराला स्वतःचा हिरवा रंग नसतो. बाजारातल्या बाटलीतला पोपटी रंग घातलेला असतो.

चेहऱ्याला लावण्याआधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. उन्हाने भाजलेल्या कातडीला, दाढीनंतर खुशाल लावा, खोल जखमेत नको. पिण्याच्या भानगडीत गरोदर बायकांनी पडूच नये, आणि मधुमेहाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं. सालं थेट खतात टाका, त्यांचा फेसपॅक करायला कोणी सांगितलं तरी.